गांधीलमाशी चावली की सूज येते कुठनं?

तासगावच्या पुढं मामाची द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणी चालू आहे, आणि हा बघा मामाचा हात. पानाआड गांधीलमाश्यांचं पोळं होतं ते कुणाला दिसलंच नाही, कात्री घेऊन हात आत घातला आणि एक माशी बोटाच्या बुडालाच डसली. मामी म्हणाली, "अवो आधी अंगठी काढा, मग चुना लावू," आणि अंगठीचं अगदी बरोबर बोलली, कारण दहा मिनिटांत हात टम्म फुगला. डंख टाचणीच्या टोकाएवढा, मग एवढं पाणी आलं कुठनं?

रक्तातनं आलं. माशीच्या विषात हिस्टामीन नावाचं रसायन असतं, शिवाय आपल्याच कातडीतल्या मास्ट पेशी अजून हिस्टामीन सोडतात, आणि त्यानं बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात. पण कुठल्या वाहिन्या? आपण पटकन म्हणतो की सगळ्यात बारीक केशवाहिन्याच गळत असणार, पातळ आहेत ना. मलाही तसंच वाटायचं.

बागेत ड्रिपची नळी कुठं गळते ते ओल्या मातीवरनं कळतं. शरीरात आजूबाजूचं सगळंच ओलं, त्यामुळं रक्तात असं काहीतरी मिसळायला लागतं की जे बाहेर पडताना दिसेल आणि गळतीच्या जागी अडकून राहील. ह्यांनाच ट्रेसर कण म्हणतात.

१९६१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये मायनो, पलाडे आणि शोफल ह्यांनी हेच केलं. उंदराच्या शिरेत काळे कण सोडले, काही कार्बनचे, काही पारा आणि गंधकाचे (आपल्या वैद्यांची कज्जली असते ना, तीच जोडी), आणि एका ठिकाणी कातडीखाली हिस्टामीन टोचलं. मग तिथल्या स्नायूचा पातळ पापुद्रा काढून ग्लिसरीननं पारदर्शक केला. आता नीट बघा, त्या पापुद्र्यात वाहिन्यांचं सगळं जाळं आहे पण काळ्या रेघा ठराविक जागीच उठल्यात. स्नायूच्या धाग्यांना धरून जाणाऱ्या सगळ्यात बारीक, ३ ते ५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) केशवाहिन्या जवळजवळ स्वच्छ! सगळ्यात जास्त काळं कुठं, तर केशवाहिन्यांतलं रक्त पुढं जिथं गोळा होतं त्या २० ते ३० मायक्रॉनच्या छोट्या शिरांत, म्हणजे व्हेन्यूलमध्ये. मला ह्या प्रयोगात हेच सगळ्यात आवडतं, वाद घालायला जागाच ठेवली नाही, गळती स्वतःच काळी होऊन समोर आली.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तर अजून भारी दिसलं. वाहिनीला आतनं पेशींचं एकच पातळ अस्तर असतं, त्यातल्या दोन पेशींच्या मधे ०.१ ते ०.८ मायक्रॉनच्या फटी पडल्या होत्या. तांबडी पेशी ७-८ मायक्रॉनची, पण कणांना तेवढी फट पुष्कळ होते. कण फटीतनं पलीकडं गेले आणि अस्तराबाहेरच्या पातळ पडद्याला, म्हणजे बेसमेंट मेंब्रेनला जाऊन अडकले, गाळणीत चहाचा चोथा राहतो तसे, आणि म्हणूनच भिंत काळी दिसली. पाणी आणि प्रोटीन मात्र गाळणीतनं पुढं जातं, तीच ही सूज. पलाडेंना पुढं १९७४ साली नोबेल मिळालं, पेशीच्या रचनेवरच्या कामासाठी.

कण बदलला की प्रश्न पण बदलतो. १९६७ मध्ये रीस आणि कार्नोव्स्की ह्यांनी ह्याहून बारीक ट्रेसर वापरला, हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम, आणि उंदराच्या मेंदूत ते केशवाहिनीच्या बाहेर आलंच नाही. तिथं पेशींचे सांधे इतके घट्ट असतात.

नुसत्या हिस्टामीननं पडलेल्या फटी साधारण अर्ध्या तासात मिटतात, पण बाहेर आलेलं पाणी लगेच परत जात नाही, ते लसिकावाहिन्या हळूहळू उचलून नेतात, त्यामुळं सूज मागं रेंगाळते. हा मामाचा हात, तिसऱ्या दिवशी सकाळी. बोटाच्या बुडाशी थोडा लालसरपणा आहे, कात्री परत हातात आहे, आणि अंगठी मामीनं अजून स्वतःच्या पदराच्या गाठीतच ठेवलीय.