माझा आड कुठं गेला?

(दृश्य: अंबाजोगाईजवळचं एक गाव. सकाळचे आठ. वाड्याच्या अंगणात दगडी आड, आडावर लोखंडी कप्पी.)

आजी बाजेवर बसल्या. पाठीमागं सहा फुटांवर आड. मी ८५ मिलिमीटरची लेन्स लावली, छिद्र पूर्ण उघडलं, एफ/१.८, आणि चार फुटांवरून फोटो घेतला. पापणीचा केस न् केस मोजावा असे डोळे आले. मागं नुसती करडी-हिरवी साय. मी खूश. कॅमेरा त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "माझा आड कुठं गेला रं?"

(दृश्य: लेन्सची झडप उघडते, मिटते.)

आड जागेवरच होता. एफ/१.८ म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरला १.८ नं भागून येणारं भोक. ८५ ला १.८ नं भागलं की ४७ मिलिमीटर येतात, म्हणजे लेन्समध्ये लिंबाएवढं भोक. आडाच्या दगडावरच्या एका ठिपक्यापासून निघालेला उजेड त्या अख्ख्या लिंबातून आत शिरतो. फोकस मात्र आजींच्या डोळ्यावर. त्यामुळं तो ठिपका सेन्सरवर ठिपका म्हणून उतरतच नाही, चकती होऊन पसरतो. अशा असंख्य चकत्या एकमेकींवर चढल्या की झाली साय. इतक्या जवळून काढलेल्या फोटोत स्पष्ट पट्टा उरतो जेमतेम दोन सेंटिमीटरचा. हाच फोटो मोठा करून बघा: डोळा लख्ख आहे, नाकातली फुली जरा मऊ आलीय, कान तर पार विरघळलाय.

या सायीला जगभर जपानी शब्द वापरतात, बोके. आपल्याकडं बोके म्हणजे खरीखुरी साय खाणारे, तो भाग वेगळा. आमचे लग्नाचे फोटोग्राफर सरळ म्हणतात, "मागचं उडव."

(दृश्य: जुने स्टुडिओ-फोटो, रंगवलेले पडदे.)

मागचं उडवायची हौस नवी नाही. जत्रेतल्या स्टुडिओत ताजमहाल नाहीतर गुलाबाची बाग रंगवलेला पडदा टांगलेला असायचा. घरची कुडाची भिंत फोटोत नको, म्हणून लोक त्याच्यापुढं नवं लुगडं नेसून ताठ उभे राहायचे. तो पडदा त्यांनी स्वतः निवडलेला असायचा. आजींचा पडदा मी त्यांना न विचारताच टांगला होता.

(दृश्य: मोबाइलवर फेटेवाला नवरदेव.)

फोनचा धूसरपणा हा आणखी निराळा प्रकार. फोनवरही एफ/१.८ लिहिलेलं असतं, पण त्याची लेन्सच इवलीशी, पाच-सात मिलिमीटरची. भागाकार केला की भोक निघतं तीन-चार मिलिमीटरचं, ज्वारीच्या दाण्याएवढं. त्यातून मागचं आपोआप फारसं उडत नाही. म्हणून फोन अंदाज बांधतो: हा माणूस, ही भिंत, आणि भिंत नंतर पुसतो. २०१६ च्या आयफोन ७ प्लसनं दोन कॅमेऱ्यांच्या मदतीनं हे केलं, आणि मग पोर्ट्रेट मोड घरोघरी गेला. अंदाज चुकतो तो कडेला. या नवरदेवाच्या फेट्याचा तुरा अर्धाच उरलाय. कमरेवर हात ठेवलाय, त्या कोपराच्या बेचक्यातून मागची कमान स्वच्छ दिसते, बाकी सगळं धूसर.

छत्रपती संभाजीनगरला बीबी का मकबऱ्यापुढं तर रोज उलटंच दुखणं. जोडपं येतं मकबऱ्यासाठी, आणि फोटोग्राफर मोठी लेन्स उघडी ठेवून जवळून असा फोटो काढतो की घुमट म्हणजे पांढरा ढग. तिथं जोडप्यापासून दूर सरायचं, छिद्र बारीक करायचं. नाहीतर हा फोटो गावाकडच्या पाण्याच्या टाकीपुढंही निघाला असता.

(दृश्य: पुन्हा अंगण.)

मी लेन्स बदलली. ३५ मिलिमीटर, एफ/८. भोक आता साडेचार मिलिमीटरच्याही आत. म्हणजे पुन्हा ज्वारीचा दाणाच. चार फुटांवरून आठ फुटांवर गेलो. माझ्या फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर या हिशेबानं साधारण साडेपाच फुटांपासून पंधरा फुटांपर्यंत सगळं स्पष्ट येतं. आड चौदा फुटांवर. बसला बरोबर.

खरं सांगायचं तर फोटो म्हणून पहिलाच सरस आहे. दुसऱ्यात नजर भरकटते: बादली, दोरीवरचं धुणं, शेजारच्याची पत्र्याची शेड. नातीनं पहिलाच मागून घेतला, डीपीला.

आजींनी दुसरा हातात धरला. स्वतःच्या चेहऱ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बोट आडाच्या काठावर फिरवत म्हणाल्या, "१९७२ ला सगळ्या गावाचं पाणी आटलं, ह्याचं न्हाई आटलं. रातच्याला बाया रांगंनं बसायच्या हितं." मग बोट कप्पीवर थांबलं. दोरानं पडलेली खाच तिथं स्पष्ट दिसत होती.

"ह्यो दे मोठा करून. भिंतीला लावायचाय."