हा पार्ट का टाकला?

(दृश्य: मोल्डिंग मशीनमधून पडणारे काळे प्लास्टिकचे पार्ट, बाजूला लाल बिन)

ज्या टोयोटाने सगळ्या जगाला क्वालिटी शिकवली, जिथे लाइनवरचा साधा कामगार दोरी ओढून अख्खी असेंब्ली थांबवू शकतो, त्याच टोयोटाचे इंजिनियर सुट्या भागांच्या टंचाईच्या काळात सप्लायरच्या कारखान्यात जाऊन रिजेक्ट झालेले पार्ट उलटसुलट करून बघायला लागले. हा का टाकला? ह्याला नेमकं काय झालंय? कुठे बारीकसा ओरखडा, कुठे रंग जरा फिका, कुठे एक काळा ठिपका. गाडीत बसल्यावर दिसणार आहे का? नाही. कामात फरक पडतो का? नाही. मग चालेल की, घ्या.

आता हे ऐकून कोणालाही वाटेल की कंपनी घसरली, मालाचा दर्जा गेला. तसं नाहीये. म्हणजे पूर्णपणे तसं नाहीये, जरा थांबा.

आधी ही वेळ का आली ते बघू. मार्च-एप्रिल २०२० मध्ये सगळं बंद झालं, आता गाड्या कोण घेणार म्हणून कार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी कॅन्सल केल्या, चिपवाल्यांनी ती जागा लॅपटॉपवाल्यांना आणि फोनवाल्यांना देऊन टाकली, आणि काही महिन्यांत गिऱ्हाईक शोरूममध्ये परत आलं तेव्हा कार कंपन्या रांगेत सगळ्यात मागे. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये थंडीची लाट आली, तिथले पेट्रोकेमिकल प्लांट बंद पडले आणि प्लास्टिकचे दाणे मिळेनात, सीटच्या फोमचा माल मिळेना. १९ मार्चला जपानमध्ये हिताचिनाकाला रेनेसासच्या चिप कारखान्यात आग. मग मलेशिया आणि व्हिएतनाममध्ये कोविड वाढला, तिथून येणारे पार्ट अडकले. टोयोटाने सप्टेंबर २०२१ चं जगभरातलं उत्पादन ४० टक्क्यांनी कापलं, आणि आपल्याकडे मारुतीने त्याच महिन्यासाठी सांगितलं की नेहमीच्या ४० टक्केच गाड्या बनतील. एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि पश्चिम युक्रेनमधले लिओनी या जर्मन कंपनीचे वायरिंग हार्नेसचे, म्हणजे गाडीतल्या वायरींच्या जुडग्यांचे, कारखाने बंद झाले, तिकडे जर्मनीत फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यूच्या लाइनी थांबल्या. अ‍ॅलिक्सपार्टनर्स या कन्सल्टिंग फर्मने २०२१ चा अंदाज काढला होता, ७७ लाख गाड्या कमी बनणार आणि २१० अब्ज डॉलरचा धंदा बुडणार.

गाडीत सुटे भाग धरले तर तीसेक हजार. त्यातला एक नसला तरी गाडी उभी. त्यामुळे एरवी जो पार्ट ओरखडा आहे म्हणून बिनधास्त कचऱ्यात जायचा, तो आता फेकताना हात थबकायला लागला.

(दृश्य: चाकण एमआयडीसीचा रस्ता, कंटेनर, नंतर आत मोल्डिंग शॉप)

आता हा रिजेक्ट पार्ट असतो कसा ते बघायला जपानला जायची गरज नाही. चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज, कुठल्याही मोल्डिंग शॉपमध्ये शिरा. मशीन उघडतं, गरम पार्ट बाहेर पडतो, ऑपरेटर गेट, म्हणजे प्लास्टिक साच्यात शिरतं तिथे उरलेला तुकडा, कापतो आणि पार्ट इन्स्पेक्शनच्या टेबलावर जातो. वर ट्यूबलाइट, समोर हातमोजे घातलेली एक ताई, आणि भिंतीवर लिमिट सँपल टांगलेलं. लिमिट सँपल म्हणजे कस्टमरच्या, इथे कस्टमर म्हणजे कार कंपनी, क्वालिटीवाल्याने सही करून दिलेला पार्ट, इथपर्यंत डाग चालेल, ह्याच्या पुढे नाही. त्याच्यावर तारीख असते, सही असते आणि व्हॅलिडिटीपण असते. ताई पार्ट हातभर लांब धरते, ट्यूबखाली तिरपा करते, काही सेकंदांत नजर फिरवते आणि ठरवते. हिरव्या क्रेटमध्ये की लाल बिनमध्ये.

दोष काय काय असतात? आत जिथे रिब, म्हणजे मजबुतीची उभी पट्टी, असते तिथे बाहेरून खळगा पडतो, त्याला सिंक मार्क. दोन बाजूंनी आलेलं प्लास्टिक जिथे भेटतं तिथे केसासारखी रेघ दिसते, ती वेल्ड लाइन. मटेरियल जळलं किंवा आधीच्या रंगाचा माल मशीनच्या बॅरलमध्ये, म्हणजे प्लास्टिक वितळतं त्या नळीत, राहिला की काळे ठिपके. यातली वेल्ड लाइन चुकीच्या जागी आली तर पार्ट तिथून तुटू शकतो, म्हणून तिथे कोणी रिस्क घेत नाही. पण डॅशबोर्डच्या आतल्या बाजूच्या ब्रॅकेटवर एक काळा ठिपका? तो गाडी भंगारात जाईपर्यंत कोणाच्या नजरेला पडणार नाही. तरीपण जातो लाल बिनमध्येच.

का जातो, हे मला यातलं सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. ड्रॉइंगवर कोपऱ्यात एक ओळ असते, हानिकारक ओरखडे नसावेत. बस. हानिकारक म्हणजे किती, कोणासाठी, कुठल्या बाजूला, हे बऱ्याचदा कोणी लिहीत नाही. मग सप्लायर घाबरून स्वतःच अजून कडक होतो, त्याचा सब-सप्लायर त्याच्याहून कडक, कारण माल कस्टमरच्या लाइनवर रिजेक्ट झाला तर पैसे कापल्याची डेबिट नोट येते, पीपीएमचा, म्हणजे दहा लाख नगांमागे किती खराब निघाले त्याचा, आकडा बिघडतो, माणूस पाठवून तिथे बसून सॉर्टिंग करून द्यावं लागतं. त्यापेक्षा इथेच टाकलेला परवडला. असं करत करत सीटखालच्या कव्हरला आणि समोरच्या डॅशबोर्डला जवळपास एकच मापदंड लागतो, आणि हे कोणी एका साहेबाने ठरवलेलं नसतं, वर्षानुवर्षांच्या भीतीने थरावर थर चढलेले असतात.

टोयोटाने ह्याच थराला हात घातला. त्यांच्या ह्या कामाचं नाव स्मार्ट स्टँडर्ड अ‍ॅक्टिव्हिटी, आणि ते टंचाईच्या आधीपासून सुरू होतं, टंचाईत त्याला जोर आला एवढंच. सप्लायरकडे जायचं, रिजेक्ट बघायचे, आणि जिथे दिसत नाही, कामाला बाधा येत नाही, तिथे मापदंड सैल करायचा. वायरिंग हार्नेसचंच घ्या. ते बरंचसं हाताने, मोठ्या बोर्डवर वायरी अंथरून, टेप गुंडाळून बनतं, आणि बसतं कुठे तर कार्पेटखाली, दरवाज्याच्या आत, डॅशच्या मागे. त्यावर कुठे रंग उतरलेला दिसला म्हणून अख्खं हार्नेस टाकायचं, तेही जेव्हा जगभर हार्नेसची मारामार चाललीये तेव्हा? अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, इथे कार कंपनी सप्लायरच्या लाल बिनचे पाय धरत होती.

पण जिथे गिऱ्हाइकाची नजर पोचते तिथे मात्र काडीची सूट नाही, आणि ह्याचा भारी किस्सा फोर्डचा आहे.

(दृश्य: मोकळ्या मैदानात ओळीने उभे नवे पिकअप ट्रक)

सप्टेंबर २०२२. अमेरिकेत फोर्डचे पिकअप तयार होऊन उभे आहेत, इंजिन आहे, चाकं आहेत, सगळं आहे, आणि पुढचा निळा अंडाकृती बिल्ला नाहीये. नावाच्या पट्ट्यापण कमी पडलेल्या. त्याच्या थोडं आधी मिशिगनमधल्या एका बिल्ले बनवणाऱ्या सप्लायरने गटारात केमिकल सोडल्याचं उघड झालं होतं आणि त्याला काम कमी करावं लागलं होतं, दोन्हींचा संबंध आहे का ह्यावर फोर्डने बोलायचं टाळलं. बातम्यांत असंही आलं की कंपनीत थ्रीडी प्रिंटरवर बिल्ले छापायचा विचार झाला होता, पण ते दिसायला पसंत पडेनात. बघा म्हणजे, लाखो रुपयांचा ट्रक उभा राहिला तरी चालेल पण त्याच्या नाकावर नकली दिसणारा बिल्ला चालणार नाही. आणि खरं सांगायचं तर बिल्ल्याशिवाय ट्रक तसूभरही कमी पळणार नाही, तो पूर्णपणे दिखाऊ पार्ट आहे, म्हणूनच तिथे तडजोड नाही.

रंगाचंही तसंच. ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर जपानमध्ये इवाकीजवळ ओनाहामाला मर्क कंपनीचा एक कारखाना बंद पडला. तिथे झिरालिक नावाचं पिगमेंट बनायचं, गाडीच्या रंगात उन्हात जी चमचम दिसते ना, ती आणणारी बारीक चकती. त्या वेळी जगात हे फक्त त्याच एका कारखान्यात बनत होतं! कारखाना फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या दक्षिणेला, त्यामुळे लगेच आत जाणंही सोपं नव्हतं. परिणाम असा की फोर्डने टक्सिडो ब्लॅक आणि काही लाल रंगांच्या ऑर्डरी घेणं थांबवलं, क्रायस्लरलाही काही रंग आवरते घ्यावे लागले. कमी चमकणारा काळा देऊन बघा कोणी घेतंय का, असं कोणी म्हणालं नाही, रंगच यादीतून काढला. मर्कने पुढे जर्मनीतही हे पिगमेंट बनवायला घेतलं.

मधल्या काळात जे करता येईल ते सगळ्यांनी केलं. बीएमडब्ल्यूने काही गाड्यांचा टचस्क्रीनचा टच काढला आणि अमेरिकेत ५०० डॉलरची सूट दिली, पूजोने ३०८ मध्ये डिजिटल मीटर जाऊन काटेवाला मीटर बसवला, टोयोटाने ऑक्टोबर २०२२ मध्ये जपानमध्ये जाहीर केलं की दोन स्मार्ट चाव्यांऐवजी एक स्मार्ट आणि एक साधी चावी मिळेल, दुसरी नंतर देऊ. हे सगळं गिऱ्हाइकाला सांगून झालं. कव्हरच्या मागचा ओरखडा मात्र कोणी सांगत नाही, आणि प्रामाणिकपणे, सांगायचं तरी काय, तुमच्या सीटच्या खाली एक ठिपका आहे म्हणून?

इथे मात्र मला थोडं सावध राहावंसं वाटतं, कारण दिसणं आणि चालणं ह्यातली रेघ वाटते तेवढी सरळ नाहीये. पार्टच्या कडेला प्लास्टिकची पातळ पापडी राहिली, त्याला फ्लॅश म्हणतात, ती दिसत नसली तरी शेजारून वायर जात असेल तर गाडीच्या हादऱ्यांनी ती वायरला घासत राहते आणि एक दिवस शॉर्ट. खालच्या लोखंडी ब्रॅकेटवर गंज रोखणारं सीईडी कोटिंग असतं, त्यावर ओरखडा पडला तर नागपूरला कदाचित वर्षानुवर्षं काही होणार नाही, पण तीच गाडी रत्नागिरीत किंवा पणजीत समुद्राजवळ उभी राहिली की खारी हवा बरोब्बर तिथेच गंज धरते. म्हणजे तोच ओरखडा एका गावात नुसता दिसण्यापुरता आणि दुसऱ्या गावात खरा दोष. त्यामुळे सूट देणारा माणूस नुसता क्वालिटीवाला असून भागत नाही, पार्ट कुठे बसतो, शेजारी काय आहे, गाडी कुठल्या हवेत चालणार, हे माहीत असलेला डिझाइनवाला बरोबर लागतो. टोयोटाने आपले इंजिनियर सप्लायरकडे पाठवले त्याचं हे कारण असावं.

आणि काही पार्टना तर ही चर्चाच लागू नाही. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये करियाला आयसिन या सप्लायरच्या कारखान्याला आग लागली, तिथे ब्रेकचा छोटासा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, मागच्या चाकांच्या ब्रेकचा दाब आवरणारा, बनायचा, टोयोटाचे जवळपास सगळे व्हॉल्व्ह तिथूनच यायचे आणि स्टॉक काही तासांचा. टोयोटाच्या जपानमधल्या लाइनी बंद पडल्या. मग दोनशेच्या आसपास कंपन्या कामाला लागल्या, त्यात शिलाई मशीन बनवणारी ब्रदरसुद्धा, ज्यांनी आयुष्यात ब्रेकचा पार्ट केला नव्हता. आठवड्याभरात गाडं बऱ्यापैकी रुळावर आलं. पण तिथे कोणी म्हणालं नाही की भोक जरा वाकडं आहे, चालवून घ्या. ब्रेक आहे तो.

(दृश्य: क्वालिटीच्या केबिनमध्ये फाइल, सही होणारा कागद)

आपल्याकडच्या सप्लायर लाइनमध्ये ह्या सुटीचा कागद असतो, डेव्हिएशन म्हणतात. पार्ट मापात किंवा दिसण्यात बसत नाही पण वापरायला हरकत नाही, तर सप्लायर अर्ज करतो आणि कस्टमर मंजूर करतो, अमुक इतके नग किंवा अमुक तारखेपर्यंत. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० चं बुकिंग ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडलं तेव्हा ५७ मिनिटांत २५ हजार गाड्या बुक झाल्या होत्या, पुढे काही मॉडेलचं वेटिंग वर्षाच्या वर गेलं. एवढी मागणी डोक्यावर असताना कुठल्याही कंपनीचा परचेसवाला असल्या कागदाकडे कसा बघेल ते तुम्हीच ठरवा. पण कागदावर तारीख असते. माल मुबलक झाला, तारीख संपली, की परत जुनं लिमिट सँपल भिंतीवर, परत तोच पार्ट लाल बिनमध्ये. गरज सरो वैद्य मरो.

टोयोटाचं वेगळेपण मला इथे दिसतं, त्यांनी तेवढ्यापुरती चिठ्ठी दिली नाही, मापदंडच बदलायला घेतला. सप्लायरचं स्क्रॅप कमी, वीज कमी, माणसांची डोकेफोड कमी. आता वाचलेला पैसा कोणाच्या खिशात राहतो हा पुढचा प्रश्न, कारण ह्या धंद्यात दरवर्षी कस्टमर रेट कमी करून मागतो, आणि ज्या सप्लायरचं रिजेक्शन उतरलेलं दिसतं त्याच्याकडे पुढच्या मीटिंगला पहिली मागणी तीच येते, तुमचं स्क्रॅप कमी झालंय ना, मग पार्टचा भाव खाली आणा.