तिच्याकडे कोणी मागितलं नव्हतं

मंडळी, अर्पणाचा विषय निघाला की विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे दोन अगदी क्षुल्लक नाणी, निघणारच. मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातली ती चार वचनं आपल्याला इतकी पाठ झाली आहेत, की त्यांच्या आगेमागे काय लिहिलंय ते आपण वाचायचंच सोडून दिलंय. आज तेही वाचू.

प्रभू येशू मंदिराच्या भांडारासमोर बसला होता आणि लोक पैसे कसे टाकतात ते पाहत होता. मिश्ना या यहूदी नियमांच्या जुन्या संग्रहात नोंद आहे, की मंदिरात दानासाठी 13 पेट्या होत्या आणि त्यांचा आकार कर्ण्यासारखा होता. मूठभर नाणी टाकली की आवाज होणारच. त्या गर्दीत एक दरिद्री विधवा आली. तिची नाणी तांब्याची, सगळ्यांत हलकी. मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार धरली, तर तिच्या दोन टोल्या मिळून त्याचा 64वा हिस्सा भरतो. हिशेबाच्या वहीत त्याची वेगळी ओळसुद्धा कोणी घातली नसती. आणि टोल्या दोन होत्या हे विसरू नका. एक टाकून एक ठेवली असती, तरी अर्धी मिळकत दिली असं झालं असतं. तिने दोन्ही टाकल्या.

प्रभू शिष्यांना जवळ बोलावून सांगतो, की इतरांनी आपल्या समृद्धीतून टाकलं, हिने आपल्या कमताईतून सगळी उपजीविका टाकली. म्हणजे पेटीत किती पडलं याच्याऐवजी हातात किती उरलं, हे त्याने पाहिलं. इथवर आपण नेहमी येतो आणि लगेच थैली फिरवतो.

आता आधीचं वचन बघा, चाळिसावं. लांबलचक प्रार्थना करणारे आणि विधवांची घरं गिळंकृत करणारे शास्त्री, म्हणजे नियमशास्त्राचे शिक्षक, त्यांना अधिक शिक्षा होईल, असं तो म्हणतो. हे शब्द संपतात न संपतात तोच ही विधवा येते. आणि पुढचा अध्याय उघडला की शिष्य मंदिराचे भव्य चिरे दाखवतात, तेव्हा तो म्हणतो, इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. इसवी सन 70 मध्ये रोमी सैन्याने ते मंदिर पाडलं. जिथे तिने सर्वस्व टाकलं, ती व्यवस्थाच कोसळणार होती, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, की हे कौतुक नव्हेच, हा विलाप आहे. मला ते पूर्ण पटत नाही. तिची भक्ती खरी होती आणि त्याने ती खरी मानली. पण घेणाऱ्यांना त्याने मोकळं सोडलेलं नाही, एवढं मात्र उघड आहे.

आणखी एक. तो तिच्याशी बोलतच नाही. टाक म्हणत नाही, शाबास म्हणत नाही. तिच्याकडे कोणी मागितलं नव्हतं. त्यागाचं दान असंच असतं: देणारा देऊ शकतो, दुसऱ्या कोणाला ते वसूल करता येत नाही.

बेथानीतली मरिया घ्या. तिने प्रभूवर ओतलेलं जटामांसीचं शुद्ध सुगंधी तेल, किंमत 300 दिनार, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई. मार्क सांगतो की तिने कुपी फोडली. थोडं ओतून बूच लावायची सोयच ठेवली नाही. त्यावर गरिबांचा कळवळा कोणाला आला? यहूदाला, पुढे प्रभूला धरून देणाऱ्या शिष्याला. आणि योहान तिथेच सांगून टाकतो, की पैशाची पिशवी त्याच्याजवळ असे आणि तो त्यातलं चोरत असे. दुसऱ्याच्या अर्पणावर सर्वांत मोठ्याने बोलणारा माणूस कोण आहे, हे पाहण्यासारखं असतं.

प्रेषित पौल पैसे मागतो, नाही असं नाही. यरुशलेमच्या गरीब पवित्र जनांसाठी तो मंडळ्यांमधून वर्गणी गोळा करत होता. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा हे दोन्ही अध्याय त्याच कामी आलेत. तिथे तो मासेदोनियाच्या मंडळ्यांचं सांगतो: स्वतः कमालीच्या दारिद्र्यात, पण आम्हालाही यात वाटा द्या अशी विनवणी त्यांनीच केली. कारणही तो देतो. त्यांनी आधी स्वतःला प्रभूला दिलं होतं. तिथून पुढे पैसा ही छोटी गोष्ट राहते.

पण त्याच दमात करिंथकरांना तो काय म्हणतो? मी आज्ञा म्हणून सांगत नाही. ज्याच्याजवळ जे आहे त्याप्रमाणे द्यावं, नाही त्याप्रमाणे नको. इतरांना आराम आणि तुम्हाला ओझं, असं व्हायला नको. आणि रक्कम पोचवायला तो आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू पाठवतो, कोणी बोट दाखवू नये म्हणून. उदारतेचा एवढा मोठा उपदेश करणारा माणूस हिशेबाची व्यवस्थाही तिथेच लावतो. आपल्याकडे या अध्यायांतलं ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ भिंतीवर लागतं, हिशेबाचं वचन मी अजून कुठे लागलेलं पाहिलं नाही.

हनन्याची गोष्ट तर धाक घालायलाच वापरली जाते. त्याने शेत विकलं, थोडे पैसे मागे ठेवले, उरलेले प्रेषितांपुढे सगळे म्हणून ठेवले आणि तिथेच मरून पडला. पेत्राचे शब्द नीट वाचा: शेत तुझंच होतं ना? विकल्यावर पैसेही तुझ्याच ताब्यात होते ना? म्हणजे न देण्याची पूर्ण मोकळीक त्याला होती. तो खोटं बोलला, गुन्हा तो होता. तसंच ‘कुर्बान’चं. आईबापांच्या वाट्याचं देवाला वाहिलं म्हणून हात झटकणाऱ्यांना प्रभूने मार्कच्या सातव्या अध्यायात चांगलंच सुनावलंय. घरच्यांचा घास काढून दिलेल्या दानाला तो त्याग म्हणत नाही.

मग त्या विधवेचं पुढे काय? शास्त्रात तिचा पुन्हा उल्लेख नाही. पण प्रेषितांची कृत्ये उघडा, सहावा अध्याय. पहिल्या मंडळीतलं पहिलं मोठं भांडण विधवांवरून आहे. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय, ही तक्रार. लोक शेतं विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवत होते, आणि तरी काही म्हाताऱ्या उपाशी राहत होत्या. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही. सात माणसं निवडायला सांगितली आणि वाटणी त्यांच्या हाती दिली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक आहेत.