खोक्यावरचे वॅट आणि मीटरवरचे वॅट

(अभियांत्रिकीचे विद्यार्थी, व्हिडिओ स्टुडिओवाले आणि उद्यमबागेतले लघुउद्योजक यांच्यासमोर बेळगावात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप.)

नमस्कार मंडळी.

तुमच्यापैकी बरेच जण नवा डेस्कटॉप असेंबल करून घ्यायच्या विचारात आहेत, आणि मघापासून तीनचार जणांनी मला एकच प्रश्न विचारला: यंदा वेगाच्या चाचण्यांत सगळ्यात जास्त स्कोअर कुठल्या प्रोसेसरचा? त्याचं उत्तर इंटरनेटवर दोन मिनिटांत मिळतं. तो स्कोअर काढताना प्रोसेसरने किती वीज ओढली, आणि तेवढी वीज ओढणं तुमच्या कामासाठी गरजेचं होतं का, हे मात्र कुणी विचारत नाही. आज त्यावरच बोलतो.

एएमडी कंपनीचा रायझन ९ ७९५०एक्स हा सोळा कोअरचा, म्हणजे आत सोळा स्वतंत्र गणनाविभाग असलेला, प्रोसेसर २०२२च्या सप्टेंबरमध्ये आला. त्याचा टीडीपी, म्हणजे कूलरने किती उष्णता झेलायची त्याचा कंपनीने दिलेला आकडा, १७० वॅट. आपण समजतो, तो १७० वॅट खाणार. पण सगळे कोअर एकदम कामाला लागले की सॉकेटमधून २३० वॅटपर्यंत वीज घ्यायची त्याला परवानगी असते. एएमडीचा हिशेब सरळ आहे. टीडीपीला १.३५ने गुणायचं, की खरी मर्यादा मिळते. ६५चे ८८ होतात, १०५चे १४२, १७०चे २३०. इंटेल हल्ली दोन्ही आकडे देते, ते मला बरं वाटतं. कोअर आय-नाइन १४९००के घेतलात तर बेस पॉवर १२५ वॅट आणि टर्बोची, म्हणजे वाढीव वेगात धावतानाची, कमाल २५३. पण दुकानातल्या कोटेशनवर यातला कुठला आकडा येतो? बहुतेक वेळा १२५. मग त्या हिशेबाने कूलर निवडला जातो, एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, निवडला जातो, आणि पहिल्याच मोठ्या रेंडरला, म्हणजे व्हिडिओ किंवा थ्रीडी चित्र तयार करायच्या कामाला, पंखे बोंबलायला लागतात.

हे आकडे इतके का वाढले? २०२०च्या रायझन ९ ५९५०एक्सलाही सोळाच कोअर होते, आणि त्याची मर्यादा १४२ वॅट होती. दोन वर्षांत कोअर तेवढेच राहिले आणि मर्यादा २३०वर गेली. याचं मूळ एका छोट्या सूत्रात आहे, आणि इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना ते पाठ असेल. चिपमध्ये स्विचिंगला लागणारी वीज ही व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि क्लॉकच्या, म्हणजे चिपच्या ठोक्यांच्या वेगाच्या, प्रमाणात वाढते. क्लॉक दहा टक्के वाढवायचा, आणि तो स्थिर राहावा म्हणून व्होल्टेजही दहा टक्के वाढवावं लागलं, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३. दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के वीज. बुलेटवरून जांबोटीला जाताना पन्नासने गेलात तर पेट्रोल किती लागतं आणि नव्वदने गेलात तर किती, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे वारा आडवा येतो, इथे व्होल्टेज.

पूर्वी हा प्रश्न इतका बोचत नव्हता. अभियंते रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं होतं की ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला सूक्ष्म स्विच, लहान केला की त्याचं व्होल्टेजही त्याच मापाने उतरवता येतं, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढत नाही. तीसेक वर्षं उद्योग या जोरावर चालला. २००४च्या आसपास गाडी अडली. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, पण विजेची गळती वाढली आणि व्होल्टेज त्या प्रमाणात उतरेना. पेंटियम ४चा प्रेस्कॉट एका कोअरवर ११५ वॅटपर्यंत गेला होता. त्याच्या पुढचा तेजस नावाचा प्रोसेसर इंटेलने त्याच वर्षी रद्द केला आणि सगळा उद्योग जास्त कोअरच्या वाटेला लागला. आज आपण त्या वाटेवर बरंच पुढे आलोय, आणि कंपन्या पुन्हा व्होल्टेज वाढवून शेवटचे चार टक्के पिळून काढतायत, कारण तुलनेच्या तक्त्यात वरचं नाव आपलं हवं असतं.

आता बेंचमार्ककडे, म्हणजे स्कोअर देणाऱ्या चाचण्यांकडे, वळू. सिनेबेंच हा मॅक्सॉन कंपनीचा. तो एक थ्रीडी चित्र रेंडर करतो आणि सगळे कोअर शंभर टक्के राबवतो. आपल्या स्टुडिओवाल्यांपैकी जे थ्रीडी करतात त्यांना तो अगदी लागू. गीकबेंच ६ वेगळ्या घडणीचा आहे. त्यात छोटी छोटी कामं, मध्ये विश्रांती, आणि मल्टिकोअरमध्येही सगळे कोअर मिळून एकच काम करतात, त्यामुळे कोअर दुप्पट झाले तरी स्कोअर दुप्पट होत नाही. टॅली, एक्सेल, ब्राउझर, ऑटोकॅड वापरणाऱ्याने सिनेबेंचचा मल्टिकोअर आकडा बघून प्रोसेसर घेणं मला पटत नाही. ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग फिरवताना बहुतेक भार एकाच कोअरवर असतो. तुम्ही चोवीस कोअरचे पैसे मोजता आणि काम एकटा कोअर करतो.

सिनेबेंचबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. एकच फेरी घेतलीत तर मशीन थंड असतं, टर्बो जोरात असतो, आकडा छान येतो. आर२३ या आवृत्तीपासून त्यात दहा मिनिटं सलग चालवायची सोय आहे. तीच वापरा. तुमचं लग्नाचं शूटिंग एक्सपोर्ट व्हायला तास-दोन तास लागतात, तिथे पहिल्या मिनिटाच्या वेगाचा उपयोग काय? आणि हे परीक्षण करणारे लोक बहुधा एसी खोलीत, उघड्या टेबलावर मशीन मांडून मोजतात. आपण एप्रिलच्या दुपारी, बंद कॅबिनेटमध्ये, पत्र्याखालच्या ऑफिसात वापरतो. रायझन ७०००च्या वरच्या चिप ९५ अंशांपर्यंत जातात आणि मग स्वतःच वेग आवरतात. खोली दहा अंशांनी तापलेली असली की कूलरच्या हातातली तेवढी सवलत गेली.

वडगाव, शहापूर, खासबागकडच्या मंडळींनी हे जास्त मनावर घ्यावं. यंत्रमागाच्या शेजारच्या खोलीतलं मशीन उघडलं की कूलरच्या पात्यांच्या मध्ये सुताच्या तंतूंचा सलग थर बसलेला दिसतो, बोटाने सोलला तर एका तुकड्यात निघतो. वरून बघितलं तर पंखा फिरतोय, सगळं ठीक वाटतं, पण हवा पलीकडे जातच नाही. उद्यमबागेत फाउंड्रीच्या बाजूला वाळूची बारीक धूळ आणि लोखंडाचा कीस. तो नुसता हवा अडवत नाही, मदरबोर्डवर बसला तर शॉर्टही करू शकतो. अशा जागी २५३ वॅटचा प्रोसेसर पूर्ण जोरात चालवणं म्हणजे पैसे टाकून त्रास विकत घेणं.

पूर्ण जोराचा विषय निघालाय तर इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचं काय झालं ते सांगायलाच हवं. कित्येक मदरबोर्ड कारखान्यातून येतानाच विजेची मर्यादा उठवून येत होते. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन बघितलं तर मर्यादेच्या जागी चार हजार वॅटच्या वरचा आकडा. म्हणजे मर्यादाच नाही. तुलनेत आपला बोर्ड दोन टक्के पुढे दिसावा एवढ्यासाठी हा खटाटोप. २०२४ मध्ये या चिप क्रॅश होऊ लागल्याच्या तक्रारी सगळीकडून आल्या. शोध घेतल्यावर इंटेलने सांगितलं की जास्त व्होल्टेज आणि तापमान यांमुळे कोअरच्या क्लॉकचं सर्किट झिजतंय. नुसत्या मदरबोर्डच्या माथी खापर फोडता येणार नाही, कारण चिपचा स्वतःचा मायक्रोकोडही, म्हणजे तिच्या आतला मूळ प्रोग्रामही, नको तेवढं व्होल्टेज मागत होता. ऑगस्ट २०२४च्या ०एक्स१२९ या मायक्रोकोडने ती मागणी १.५५ व्होल्टपाशी रोखली, आणि इंटेलने वॉरंटी तीनाची पाच वर्षं केली. हा मायक्रोकोड बायोस अपडेटमधून येतो. ज्यांच्याकडे १३९०० किंवा १४९००ची मशीन आहेत त्यांनी बायोस अपडेट केलंय का हे आज घरी गेल्यावर बघाच. झिजलेली चिप अपडेटने सुधारत नाही. जी अजून धड आहे ती वाचते.

याच्या नेमकं उलट उदाहरण रायझन ७ ९७००एक्सचं. ऑगस्ट २०२४ मध्ये आला, आठ कोअर, टीडीपी ६५ वॅट. आधीच्या ७७००एक्सचा टीडीपी १०५ होता. वीज एवढी कमी घेऊनही तो ७७००एक्सच्या बरोबरीने, काही कामांत थोडा पुढेच धावत होता. माझ्या मते त्या वर्षातली ती फार नेटकी चिप. पण जगभर ओरड झाली की नव्या पिढीत वेग वाढलाच नाही! शेवटी एएमडीने बायोसमधून १०५ वॅटची सोय करून दिली. जास्त वीज देऊन लोकांना मिळालं काय? सगळे कोअर राबवणाऱ्या कामांत थोडा वेग, गेममध्ये जवळजवळ काहीच नाही. इंटेलच्या कोअर अल्ट्रा ९ २८५केलाही २०२४च्या अखेरीस हाच अनुभव आला. हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोअरवर दोन कामं चालवायची सोय, काढून टाकलं, गेममध्ये वीज चांगलीच कमी झाली, पण १४९००केला मागे टाकता आलं नाही म्हणून त्याला नापास ठरवलं गेलं. गेमच्या बाबतीत ती टीका रास्त होती, ग्राहकाने नव्या मदरबोर्डचे पैसे का घालावेत? पण विजेच्या रकान्यासमोर कुणी दोन मिनिटं थांबलं असतं तर बरं झालं असतं. आणि निव्वळ गेमच खेळायचे असतील तर रायझन ७ ७८००एक्स३डी बघा. ९६ एमबीच्या कॅशमुळे, म्हणजे चिपमधल्याच वेगवान मेमरीमुळे, तो १४९००केच्या तोडीस तोड चालतो, आणि खेळताना साधारण शंभर वॅटच्या आतच राहतो.

मग मोजायचं काय? मी म्हणतो, कामामागे लागलेली वीज मोजा. एक एक्सपोर्ट घ्या. धरून चला की ७९५०एक्सवर, २३० वॅट घेऊन, त्याला एक तास लागतो. झाले २३० वॅट-तास. आता त्याच चिपला बायोसमध्ये इको मोडवर, म्हणजे कमी विजेच्या मर्यादेवर, टाका, ८८ वॅट. वेग साधारण चार-पंचमांश राहतो असं धरू, बऱ्याच चाचण्यांत तो त्याच्या आसपास आलाय. काम सव्वा तासात होईल. ८८ गुणिले सव्वा म्हणजे ११०. तेच काम, पंधरा मिनिटं जास्त, आणि वीज निम्म्याहून कमी. दिवसाला अशी आठ कामं केली तर जवळपास एक युनिट वाचतं. महिन्याला पंचवीस. पैशात बघाल तर ही रक्कम मोठी नाही, आणि ती मोठी आहे असं मी सांगणारही नाही. खरा फायदा वेगळा आहे. स्वस्त कूलर पुरतो. खोली तापत नाही. आणि यूपीएस टिकतो.

यूपीएसवर जरा थांबतो, कारण पावसाळ्यात खानापूर भागात वीज कशी जाते-येते हे इथल्या सगळ्यांनी अनुभवलंय. आपल्याकडे सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस ६०० वॅट देत नाही, साधारण ३६० देतो. प्रोसेसर २५०, ग्राफिक्स कार्ड २००, वर मॉनिटर, आणि एसएमपीएसमध्ये जाणारी दहा-पंधरा टक्के वीज. रेंडर चालू असताना लाइट गेली की असा यूपीएस बॅटरीवर जाण्याऐवजी ओव्हरलोड होऊन बंदच पडतो. बॅटरी नवी असली तरी. प्रोसेसर ८८वर बांधून टाका आणि कार्डाचीही मर्यादा थोडी उतरवा, तोच यूपीएस फाइल सेव्ह करण्यापुरता वेळ देतो.

मोजण्यासाठी भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचं वॅटमीटर घ्या. एचडब्ल्यूइन्फोसारखं सॉफ्टवेअर प्रोसेसरचे वॅट दाखवतं, पण त्याला तो आकडा ठरवताना मदरबोर्डच्या माहितीवर अवलंबून राहावं लागतं. २०२० मध्ये रायझनसाठीच्या एएम४ सॉकेटच्या काही बोर्डांबाबत उघड झालं होतं की ते प्रोसेसरला खरा करंट कमी करून सांगतात, म्हणजे तो जास्त वीज ओढेल आणि आपली समजूत मात्र मर्यादेत असल्याची राहील. भिंतीवरचं मीटर अशी थाप मारू शकत नाही. मशीन नुसतं चालू ठेवूनही आकडा बघा. चिपलेटच्या, म्हणजे अनेक तुकडे जोडून बनवलेल्या, रायझनमध्ये आयओ डाय, म्हणजे बाकीच्या मशीनशी देवाणघेवाण करणारी चकती, वेगळी असते, त्यामुळे काही काम नसतानाही तो वीसपंचवीस वॅट सहज घेतो. दिवसभर बिलं करण्यापुरतं मशीन असेल तर तुमच्यासाठी हा आकडा सिनेबेंचपेक्षा मोलाचा.

आता तुमचे प्रश्न.

टिळकवाडीच्या एका काकूंनी विचारलंय की मुलाने गेमिंगचा कॉम्प्युटर घेतला तर कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेतली मोफत वीज जाईल का. काकू, प्रश्न अगदी कामाचा आहे. ऑगस्ट २०२३पासूनच्या या योजनेत २०२२-२३च्या तुमच्या सरासरी वापरावर दहा टक्के वाढीव युनिट मोफत, तेही २००च्या आत. तुमची सरासरी ६० असेल तर ६६ मोफत. भिंतीवर ३०० वॅट घेणारं मशीन रोज पाच तास चाललं तर महिन्याला ४५ युनिट वाढली. ६६च्या वरच्याचे पैसे भरावे लागतील. आणि आधीच १६०-१७०ला असाल तर २०० ओलांडून सगळंच बिल तुमच्यावर येईल. बिल कन्नडमध्ये असलं तरी युनिटचे आकडे वाचता येतात. मशीन आणायच्या आधीचं एक आणि नंतरचं एक बिल शेजारी ठेवून बघा.

उद्यमबागेच्या दादांचा प्रश्न: आधी घेतलेल्या आय-फाइव्ह १२४००ला पण इको मोड लावायचा का? नको दादा. त्याची टर्बो मर्यादाच ११७ वॅट आहे, आणि कॅडच्या रोजच्या कामात तो तिच्या जवळपासही जात नाही. त्याला हात लावू नका. पात्यांतली धूळ ब्लोअरने उडवा, थर्मल पेस्ट वाळली असेल तर बदला, आणि कॅबिनेट मोल्डिंगच्या दारापासून लांब सरकवा.