ठेका सुरू होण्याआधीचे संगीत

श्रोतेहो, नमस्कार.

इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मिरवणुकीतली स्पीकरची भिंत किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरचा रात्रभरचा नाच उभा राहतो. त्यात खोटे काही नाही. मीही या संगीताकडे नाचाच्याच वाटेने आलो. मात्र गेल्या काही वर्षांत माझ्या ऐकण्यात जे येते, त्यात नाचण्याजोगे फारसे काही उरलेले नाही. सध्या मी काय ऐकतो, आणि आवड तिथवर कशी सरकत आली, हे आज आपल्यापुढे मांडणार आहे.

नव्वदच्या दशकात मी पुण्यात कॉलेजात होतो आणि मित्रांच्या हातून फिरत येणाऱ्या कॅसेटवर गोवा ट्रान्स ऐकत होतो. हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर सत्तरच्या दशकापासून परदेशी पाहुण्यांचे जे जलसे होत, त्यांतून हा प्रकार घडला. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला गोवा गिल हे त्यातले सर्वांत ठळक नाव. तिथल्या उष्म्यात आणि धुळीत तबकड्या टिकत नसत, म्हणून डीजे मंडळी आधी कॅसेटवर आणि पुढे डॅट नावाच्या डिजिटल टेपवर संगीत वाजवीत. आता डॅटच्या यंत्रावर टेपची गती थोडी कमी-जास्त करण्याची सोय नसे, त्यामुळे एका रचनेचा ठेका दुसरीच्या ठेक्याशी जुळवून घेणे अवघड होते. या अडचणीतून एक रीत पडली. रचनेच्या सुरुवातीला आणि शेवटी ठेका नसलेला, नुसत्या तरंगत्या स्वरांचा लांब भाग ठेवायचा आणि दोन रचनांचा सांधा तिथे लपवायचा. १९९५ मध्ये आलेला हॅल्युसिनोजेनचा ‘ट्विस्टेड’ हा अल्बम आम्ही अक्षरशः झिजवला. पण अशा रचनांचा तो बिनठेक्याचा भाग आला की मी बेधडक टेप पुढे पळवत असे. मला हवा असायचा तो मिनिटाला १४० च्या पुढे धावणारा ठोका.

त्यानंतर ‘ड्रॉप’चे दिवस आले. ड्रॉप म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ठेका चालू असतानाच खालचा ढोल काढून घेतात. ताशासारखा कडकडाट आधी एकपट, मग दुप्पट, मग चौपट लयीत वाढवत नेतात. त्यावर फसफसणारा गोंगाट चढत चढत वर जातो. क्षणभर सगळे थांबते आणि मग ढोल व बेस एकदम कोसळतात. २००७ मध्ये गोव्यात सुरू झालेला आणि २०१६ मध्ये पुण्याला आलेला सनबर्न महोत्सव ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्या क्षणी हजारो हात एकदम वर जाताना आठवतील. ही युक्ती खोटी नाही. अंगावर काटा येतो, हे मी आजही मान्य करीन. माझी तक्रार एवढीच, की ड्रॉपवर बेतलेल्या रचनेत त्याच्या आधीच्या साऱ्या संगीताला स्टेशनावरच्या प्रतीक्षागृहाची कळा येते. ऐकणारा तिथे बसतो खरा, पण लक्ष गाडीकडे. हळूहळू माझ्या ध्यानात आले की या रचना मी ऐकत नसून त्यांची वाट पाहतो आहे, आणि हवा असलेला क्षण येऊन गेल्यावर पुढचे काही कानात शिरतच नाही.

कान वळवला तो एका लहानशा चंदेरी पेटीने. जपानच्या रोलंड कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाचे यंत्र बाजारात आणले. एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्याला बेसची साथ मिळावी, हा त्याचा हेतू. आवाज खऱ्या बेस गिटारसारखा मुळीच नव्हता, खप झाला नाही आणि १९८४ मध्ये उत्पादन बंद पडले. पुढे शिकागोच्या फ्यूचर या त्रयीच्या हाती अशी एक पेटी आली. त्यांनी स्वरांची एकच ओळ फिरत ठेवली आणि ती चालू असतानाच पेटीवरची बटणे पिळत गेले. आवाजातला वरचा, तीव्र भाग गाळणारा फिल्टर मिटला की आवाज तोंडावर हात धरून बोलल्यासारखा घुसमटतो, उघडला की त्याला धार येते, आणि त्या फिल्टरचा अनुनाद वाढवला की तोच स्वर चिरकतो, किंचाळतो, पाण्यात बुडाल्यासारखा बुडबुडतो. १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ या नावाने ही रचना तबकडीवर निघाली आणि ‘ॲसिड हाउस’ हा प्रकार तिच्यापासून रूढ झाला. ती निघण्यापूर्वी रॉन हार्डी या डीजेने आपल्या क्लबात टेपवरून ती लावली, तेव्हा लोक आधी गोंधळले. त्याने त्याच रात्री ती पुन्हा पुन्हा लावली आणि अखेर सगळे नाचू लागले, असे सांगतात. दहा मिनिटांहून अधिक चालणाऱ्या या रचनेत चाल बदलत नाही. बदलत जातो तो आवाजाचा पोत. हे एकदा कानाला उमगले की ड्रॉपची गरज आपोआप कमी होते.

याच पेटीमुळे मी चरणजित सिंग यांच्यापर्यंत पोहोचलो. मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत आयुष्य घालवलेल्या या वादकाने १९८२ मध्ये टीबी-३०३, ठेका देणारे टीआर-८०८ आणि सूर वाजवण्याचे ज्युपिटर-८ ही तीन यंत्रे घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. एचएमव्हीने तबकडी काढली, ती फारशी कोणी घेतली नाही, आणि २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा प्रकाशित केल्यावर जगभर गवगवा झाला की ॲसिड हाउस शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत जन्मले. मला हा दावा अनावश्यक वाटतो. शिकागोवाल्यांनी हे ऐकून काही केले नाही आणि चरणजित सिंगांनाही कोणता नवा पंथ काढायचा नव्हता. पहिला कोण, हा वाद बाजूला ठेवून ऐकले तर त्यातला भैरव किंवा ललित अधिक आवडतो. खाली बेसची ओळ सोळा घरांत न चुकता फिरत राहते, आणि वर हाताने वाजवलेले सूर मींडेने एकमेकांत सरकतात. यंत्राला अडलेला स्वर आणि माणसाच्या बोटाने हलवलेला स्वर यांमधली ओढाताण दहाही रागांत ऐकू येते. कोमल ऋषभाचे आंदोलन त्या यंत्रावर पुरेसे साधत नाही. मला ते खटकते, आणि तरीही मी ती तबकडी महिन्यातून एकदा तरी लावतो.

तिथून मी बर्लिनच्या बेसिक चॅनल या जोडीकडे वळलो. मोरित्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क एर्नेस्टस या दोघांनी १९९३ पासून काढलेल्या रचनांत ठेका आहे, पण तो भिंतीपलीकडून यावा इतका मऊ. एकच स्वरसंघात जमैकाच्या डब संगीतातल्यासारख्या प्रतिध्वनीत सोडून दिलेला असतो आणि तो दहा-पंधरा मिनिटे विरत, उगवत राहतो. नाचाचे संगीत आणि नुसते ऐकण्याचे संगीत यांच्या सीमेवरची ही जागा आहे आणि रोजच्या कामाच्या वेळी मी अजूनही तिथेच असतो.

सध्या मात्र माझा सर्वाधिक वेळ एलियान रादिग या फ्रेंच संगीतकर्तीच्या संगीताने घेतला आहे. इथे थोडे मागे जायला हवे, कारण हा इतिहास आपल्या या माध्यमाचाही आहे. इलेक्ट्रॉनिक संगीत क्लबांत जन्मले नाही. ते रेडिओ केंद्रांत जन्मले. १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओवर पिएर शेफर यांनी रेल्वेच्या आवाजांची ध्वनिमुद्रणे जोडून केलेली रचना प्रसारित केली. १९५१ मध्ये कोलोनच्या रेडिओ केंद्रात इलेक्ट्रॉनिक स्टुडिओ उभा राहिला. १९५८ मध्ये बीबीसीने रेडिओफोनिक वर्कशॉप काढले. रादिग या शेफर यांच्याच परंपरेत शिकल्या. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी एआरपी २५०० हा मोठा सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या मंडलांतून आवाज घडवणारे वाद्य, घेतला आणि त्याचा कीबोर्ड मुद्दाम बाजूला ठेवला, कारण पट्ट्या समोर असल्या की हात सवयीने चाल वाजवू लागतात.

त्यांची ‘त्रिलॉजी द ला मॉर’ ही रचना सुमारे तीन तासांची आहे आणि तिच्या मधल्या भागाचे नाव ‘कैलाश’ आहे. कैलास पर्वताची ती कल्पनेतली परिक्रमा. वरवर ऐकले तर एक अखंड घुमणारा स्वर. पण ध्यान दिले की दिसते, तो स्वर एक नाही. कंपनसंख्या १०० असलेल्या स्वराशेजारी १०१ चा स्वर ठेवला तर सेकंदाला एक असे हेलकावे ऐकू येतात. फरक दोनचा केला तर दोन. रादिग हे फरक इतक्या सावकाश हलवतात की बदल घडताना कळत नाही, घडून गेल्यावर कळतो. आपल्याकडे ज्याने तंबोरा जुळवला आहे, त्याला हे शिकवावे लागत नाही. जोडीच्या तारा एकमेकींच्या जवळ येऊ लागल्या की नेमके हेच हेलकावे मंदावत जातात, आणि ते थांबले की तार लागली असे आपण म्हणतो. रादिग त्या थांबण्याच्या अलीकडे मुक्काम करतात. हे संगीत फोनच्या स्पीकरवर ऐकू नये, एवढी विनंती आहे. त्यातले मंद्र स्वर तिथे उमटतच नाहीत.

याच सुमारास अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या टेपही माझ्या हाती लागल्या. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे मूग सिंथेसायझर बसवून दिला, आणि गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी त्यावर प्रयोग केले. पुढे स्टुडिओ बंद पडला. टेप संस्थेच्या दप्तरात राहिल्या, त्या २०१७ मध्ये पॉल पर्गस यांना सापडल्या आणि २०२३ मध्ये प्रकाशित झाल्या. त्यांतले सगळेच श्रवणीय आहे असे मी म्हणणार नाही. काही तुकडे नव्या खेळण्याची बटणे दाबून पाहावीत तसे आहेत. परंतु काही ठिकाणी आवाज कुठे न्यायचा हे शोधणारा कान स्पष्ट जाणवतो. आजच्या पिढीतल्या अरुषी जैन मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडून वाजवायच्या, सिंथेसायझरवर रागांच्या आधाराने जे करतात, ते मला त्या शोधाच्या बरेच जवळचे वाटते. २०२१ चा त्यांचा ‘अंडर द लायलॅक स्काय’ सूर्यास्ताच्या वेळी ऐकण्यासाठी आहे आणि मी ती वेळ पाळतो.

जुन्या आवडीचे काय झाले, असे कोणी विचारील. ‘ट्विस्टेड’ मी अलीकडे पुन्हा काढला. धावत्या ठेक्याचे भाग मला आता लवकर पुरे होतात. पूर्वी पळवत होतो ते बिनठेक्याचे भाग मात्र पुन्हा मागे नेऊन ऐकतो. डॅटच्या यंत्राला गती बदलता येत नव्हती, हे माझ्या पथ्यावरच पडले म्हणायचे. वय झाले म्हणून असे होते, हे स्पष्टीकरण मला पटत नाही, कारण माझ्याच वयाचे मित्र आजही रात्रभर नाचून येतात आणि मला हसतात.

माझा भाचा सध्या मिनिटाला १५० ठोक्यांच्या पुढचा कडक टेक्नो ऐकतो आणि मला पाठवतो. त्यातले थोडे मी ठेवून घेतले आहे. एकदोन रचनांत तर ढोलाचा पोत इतका बारकाईने घडवलेला आहे की मी वेग विसरून गेलो. त्याची परतफेड म्हणून मी त्याला रादिग ऐकवली. बराच वेळ तो शिस्तीत बसला आणि मग म्हणाला, “मामा, हे सुरू कधी होणार?” बेसिक चॅनलच्या रचना मात्र तो स्वतःहून मागून घेऊन गेला.