जुना डबा, नवी केबिन

(पडद्यावर: सीबी रेडिओ, जवळून)

समोर चॅनल फिरवायचा खटका, आवाज आणि स्क्वेल्चची (कोणी बोलत नसताना खरखर दाबण्याची) बटणं, स्प्रिंगसारख्या वळ्यांच्या वायरला लटकलेला माइक. हा सीबी, म्हणजे सिटिझन्स बँड रेडिओ. अमेरिकेत १९५८ साली त्याला २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा मिळाली, तेव्हा चॅनल होते २३. १९७३च्या तेलटंचाईनंतर महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली आणि डिझेल कुठे मिळतंय, पोलीस कुठे दबा धरून बसलेत, या बातम्या ट्रकवाले याच डब्यावरून एकमेकांना देऊ लागले. १९७७च्या १ जानेवारीपासून चॅनल ४० झाले. एएमवरची ताकद मात्र आजही चारच वॅट.

डबा फारसा बदललेला नाही. बदलली आहे ती केबिन.

(पडद्यावर: जुन्या पिकअपची केबिन, मग नवी)

जुन्या पिकअपमध्ये डॅशबोर्ड पत्र्याचा असायचा. त्याच्या खालच्या काठाला दोन भोकं पाडली, ब्रॅकेट आवळलं, काम झालं. आता तिथे वळणदार प्लॅस्टिक आहे, मध्ये मोठा स्क्रीन, आणि प्लॅस्टिकच्या मागे एअरबॅग. १९९८च्या सप्टेंबरनंतर बनलेल्या पिकअपमध्ये पुढच्या दोन्ही एअरबॅग अमेरिकेत सक्तीच्या आहेत. काही मॉडेलमध्ये चालकाच्या गुडघ्यांसमोरही एक असते. पापणी लवण्याआधी फुगणाऱ्या या पिशवीच्या वाटेत रेडिओ आला, तर तो सरळ माणसाच्या अंगावर येतो. म्हणून जागा शोधताना पहिला कागद वाचायचा तो गाडीच्या पुस्तिकेतला, रेडिओच्या नव्हे.

मग उरतं काय? सीटांमधल्या कन्सोलची बाजू, छताजवळची पट्टी, किंवा गिअरबॉक्सवरचा उंचवटा. उंचवटा सोयीचा दिसतो, पण बहुतेक सेटचा स्पीकर तळाला असतो. गालिच्यावर सपाट ठेवला की आवाज गालिचाच ऐकतो! ब्रॅकेट उलटं लावून सेट त्यावर अधांतरी बसवा, नाहीतर वेगळा स्पीकर जोडा.

भोक पाडण्याआधीची एक गोष्ट फुकट आहे आणि नेमकी तीच टाळली जाते. चालकाने सीटबेल्ट लावून बसायचं. दुसऱ्याने सेट ठरलेल्या जागी हाताने धरायचा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, गिअर सगळ्या जागांवर नेऊन पाहा, मग नजर समोर ठेवूनच माइक उचला. वायर गिअरच्या दांड्यात अडकली किंवा मनगटावर आडवी आली, तर जागा चुकली. सेट कसा दिसतो ते नंतर. ड्रिलच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ठेवा, म्हणजे ते हवं तेवढंच आत जाईल; प्लॅस्टिकच्या मागे वायरी आणि हवेच्या नळ्या असतात.

(पडद्यावर: बॉनेट उघडलेलं)

वीज शक्यतो थेट बॅटरीवरून घ्यावी. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून सेट चालतो, पण इंजिनाची शीळही त्यातून आत येते. लाल वायरीवरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण तो रेडिओइतकाच वायरीसाठी असतो: वायर पत्र्यावर घासून सोलली, तर आग तिथेच लागते. केबिनच्या भिंतीतून ती रबरी कड्यातून न्या. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर विजेचा हिशेब ठेवणारा सेन्सर असतो. तसा असेल तर काळी वायर टोकाला नको, चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला.

खरी परीक्षा केबिनच्या बाहेर आहे. २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटरची. तिच्या पाव लांबीची अँटेना म्हणजे नऊ फुटांचा दांडा. छोट्या अँटेनात तीच लांबी तारेच्या वेटोळ्यात बसवलेली असते. अँटेनाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे तिच्या खालचा पत्रा. छताचा मध्य म्हणूनच उत्तम, हौद्याचा, म्हणजे मागच्या मालाच्या भागाचा, कोपरा दुय्यम. कोपऱ्यावर लावली तर जिकडे गाडीचा पत्रा जास्त, तिकडे आवाज जास्त पोचतो. चुंबकी पायाची अँटेना सोपी खरी, पण २०१५च्या मॉडेलपासून फोर्ड एफ-१५०ची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, तिथे चुंबक धरतच नाही. आणि हौदा केबिनपासून वेगळा, चासीवर बोल्टने बसवलेला असतो. मधल्या रंगामुळे, गंजामुळे अर्थिंग, म्हणजे पत्र्यांमधली विजेची जोडणी, कच्ची राहते. रंग खरवडून हौदा, केबिन आणि चासी जाड पट्टीने जोडली, तर बरीच दुखणी जातात.

(पडद्यावर: एसडब्ल्यूआर मीटरचा काटा)

अँटेना जोडल्याशिवाय माइकचं बटण दाबायचं नाही. पाठवलेली ताकद उलटी फिरून सेटमधले ट्रान्झिस्टर जाळू शकते. किती ताकद परत येते ते हा एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो) मीटर दाखवतो. आकडा ३ असेल तर पाव हिस्सा परत येतोय. दीडच्या खाली आला की झालं. गाडी मोकळ्या जागी, दारं बंद, आणि मोजायचं चॅनल १ वर व ४० वर. १ वर जास्त भरला तर अँटेना आखूड आहे, वाढवा. ४० वर जास्त, तर लांब आहे, कमी करा. दोन्हीकडे सारखाच वाईट असेल तर अँटेनाला हात लावू नका. अर्थिंग तपासा, आणि दारात चिमटलेली अँटेनाची केबल.