लिंबूवर्गीय पानांचा अर्क: जांभळा रंग काय सांगतो

लिंबूवर्गीय झाडाचं पान उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलग्रंथी, चुरगळल्यावर येणारा वास तिथलाच. पण आज बोलायचंय ते बिनवासाच्या मंडळींबद्दल: हेस्पेरिडिन, नॅरिंजिन, रुटिन. पानाच्या अर्काला अँटिऑक्सिडंट म्हणतात ते प्रामुख्याने अशा फिनॉल गटातल्या संयुगांमुळे.

आधी पानं वाळवायची, सावलीत किंवा ४० अंश सेल्सिअसला. ओली ठेचून तशीच ठेवली तर पानातलीच विकरं फिनॉलचं ऑक्सिडीकरण करतात. चोथा तपकिरी पडला की समजा, मोजण्याआधीच माल गेला. १ ग्रॅम भुकटीला १० मिलिलिटर ७० टक्के इथेनॉल घालून २४ तास अंधारात, अधूनमधून हलवत ठेवा. नुसत्या पाण्यावर भागवू नका. हेस्पेरिडिन त्यात जेमतेम विरघळतं.

मग डीपीपीएच चाचणी, म्हणजे डीपीपीएच नावाच्या जांभळ्या रसायनावर अर्काची अँटिऑक्सिडंट ताकद मोजायची. १०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ४ मिलिग्रॅम डीपीपीएच घातलं की गडद जांभळं द्रावण होतं. त्याचे ३ मिलिलिटर आणि पातळ केलेल्या अर्काचा १ मिलिलिटर एकत्र करून ३० मिनिटं अंधारात ठेवा, मग ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचं शोषण मोजा. डीपीपीएचच्या मुक्त मूलकाला (सुटा इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूला) अर्कातून हायड्रोजन मिळाला की जांभळा रंग पिवळ्याकडे झुकतो. निम्मं डीपीपीएच संपवायला लागणारी अर्काची तीव्रता म्हणजे आयसी५०. आकडा लहान तेवढा अर्क जोरकस. इथे उलटं वाचणारे पुष्कळ!

नेहमीची चूक म्हणजे दाट अर्क. सगळ्याच नळ्या पिवळ्या होतात आणि आलेखाला चढच उरत नाही. पाच-सहा वेगवेगळ्या तीव्रता घ्या. अर्काला स्वतःचाही रंग असतो, म्हणून डीपीपीएचऐवजी मिथेनॉल घातलेली एक नळी ठेवून तिचं शोषण वजा करा.

खरी गंमत रेणूच्या रचनेत आहे. रुटिनच्या एका कड्यावर दोन हायड्रॉक्सिल गट शेजारी-शेजारी बसलेले असतात. हायड्रोजन देऊन टाकल्यावर उरलेला रेणू त्यामुळे सावरतो. हेस्पेरिडिनमध्ये त्यातल्या एका जागी मेथॉक्सी गट (हायड्रॉक्सिलच्या हायड्रोजनऐवजी मिथाइल) असतो, म्हणून या चाचणीत ते फिकं पडतं. लिंबूवर्गातल्याच नोबिलेटिन या संयुगामध्ये तर सगळ्याच जागा मेथॉक्सीने अडवलेल्या; द्यायला हायड्रोजनच नाही. तेव्हा 'हेस्पेरिडिन भरपूर, म्हणून अर्क जोरदार' हे गणित बसत नाही. फोलिन-सिओकाल्ट्यू चाचणीतला 'एकूण फिनॉल' हा आकडाही जपून वापरा: क जीवनसत्त्वही तिथे फिनॉलसारखाच निळा रंग देतं.

आणि हे झालं नळीतलं. पोटात गेल्यावर हेस्पेरिडिनच्या रेणूला जोडलेली साखर मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात. उरलेलं हेस्पेरेटिन शोषलं जाताना त्याच्या हायड्रॉक्सिल गटांवर ग्लुकुरोनाइड (साखरेपासून बनलेला गट) किंवा सल्फेट चिकटतं. नळीत जो गट मोकळा होता, तोच रक्तात बहुतांशी बांधलेला असतो.